चाळीस नावांएवढं थंड

इंजिन थंड झालं की नाही हे बघायला मास्तरांना चाळीस मुलं लागायची.

म्हणजे असं. आमच्यासारख्या छोट्या पिकअपचं इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली असतं. सीट उचललं की हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडं पडतं. मास्तर त्या हेडवर उजवा हात पालथा ठेवायचे आणि हजेरी घ्यायला लागायचे. स्वतःच्या चौथीच्या वर्गाची. "अहिरे. ओव्हाळ. कदम मोठा. कदम बारका. कांबळे..." गाडी नुकतीच आलेली असली तर कांबळेपर्यंतही पोचायचे नाहीत, हात झटकन वर. "वर्ग भरला नाही. बसा." अर्ध्या तासानं परत. खरात, गायकवाड, दोन जाधव. हात वर. "बसा." असं करत करत शेवटच्या हिवाळेचं नाव घेईपर्यंत हात तिथंच टेकलेला राहिला, की मास्तर पाना उचलायचे. त्याआधी ठिणगी पाडणाऱ्या प्लगला हात लावायचे नाहीत. कोणाचीही गाडी असो.

पोलीस क्वार्टर्समधले एक साहेब एकदा त्यांची स्वतःची गाडी घेऊन आले होते. घाईत होते, आणि घाईची सवय असलेल्या माणसासारखे उभे होते. "पाच मिनिटांचं काम आहे, चार प्लग तर बदलायचेत," म्हणाले. मास्तरांनी बॉनेट उघडलं आणि बाजूला झाले. "साहेब, हात ठेवा. मी नावं घेतो. दहाव्या मुलापर्यंत तुमचा हात टिकला तर लगेच करतो." साहेबांनी खरंच हात ठेवला. कदम बारक्यालाच ओरडले. मग बाकावर बसले, हाताला फुंकर मारत. तासाभरानं मास्तरांची हजेरी परत सुरू झाली तेव्हा साहेबही पुटपुटत नावं घेत होते.

मास्तर कधी कुठल्या शाळेत शिकवायला नव्हते. हे नाव त्यांना हजेरीमुळंच पडलं. नायगावात बीडीडी चाळींच्या मागच्या गल्लीत, क्वार्टर्सच्या भिंतीला लागून, जंगली बदामाच्या झाडाखाली त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय, वर दोन पत्रे, खाली एक लोखंडी पेटी, हवा मारायचा कॉम्प्रेसर, गिऱ्हाइकांसाठी बाक. भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर. तिला हार काकू घालायच्या, मास्तरांच्या बायको. रोज सकाळी चाळीतून उतरून यायच्या. ग्रीसच्या हातानं तसबिरीला शिवायचं नाही हा मास्तरांनीच स्वतःला घातलेला नियम.

आणि नियम त्यांचे पुष्कळ होते. माणसाला नाव विचारायचं नाही हा एक. ते गाडीच्या नंबराच्या शेवटच्या दोन आकड्यांनी माणसाला हाक मारत. मी बावन्न. एक फुलांच्या टेम्पोवाला होता, तो शून्य-सात. त्यानं मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली तेव्हा मास्तरांनी ती उघडून दोनदा वाचली आणि विचारलं, "ह्यात तू कुठाय?" शून्य-सातनं स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. "अरे वा," मास्तर म्हणाले, "चांगलं नाव आहे की." बारा वर्षं ओळख होती दोघांची.

दुसरा नियम चहाचा. मागं लोखंडी शेगडीवर काकूंची किटली दिवसभर असायची आणि येणाऱ्या प्रत्येकाला चहा मिळायचा. पण गाडी चालू ठेवून आलेल्याला नाही. नुसती हवा भरायला आला असेल, एखादा बोल्ट आवळायला आला असेल, इंजिन घरघरत असेल तर मास्तर किटलीकडं बघायचेसुद्धा नाहीत. "चालू इंजिनावर माणूस चहा पीत नाही," म्हणायचे, "घशात ओततो. कशाला वाया घालवू?"

मी त्यांच्याकडं जवळजवळ वर्षभर हवा भरायला जात होतो. मला एकदाही चहा मिळाला नव्हता.

त्याचं कारण मी कोणाला सांगत नव्हतो. मी गाडी बंदच करायचो नाही.

माझं गाव किनवटच्या पुढं. तिथून मुंबई म्हणजे एक अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस. सतराव्या वर्षी आलो, आधी डॉकवर बर्फाच्या लाद्या ओढल्या, मग लायसन काढलं. कफ परेडच्या मच्छीमार नगरातल्या एका मावशींनी त्यांची पिकअप माझ्या हातात दिली. मावशींचा नवरा बोटीवर, मुलगा नाही. पहाटे मासळी दादरला पोचवायची, दुपारी बर्फ आणायचा, हे माझं काम. राहायला त्यांच्याच घराच्या माळ्यावर जागा दिली. त्या घरातला मी मीठ-मासळी खाल्लेला माणूस आहे. आणि ज्यानं एवढं दिलं त्याचं आपल्या हातून काही बिघडेल, ही भीती मला कायम असायची.

गाडी जुनी, पेट्रोलची. एकदा दादरच्या बाजारापाशी माल उतरवायला बंद केली, ती परत चालू होईना. मागं रांग, हॉर्न, शिव्या. दहा मिनिटांनी चालू झाली. त्या दिवसापासून मी ठरवलं, पोचेपर्यंत बंदच करायची नाही. माल उतरवताना चालू. पावती घेताना चालू. बर्फाच्या कारखान्यात नंबर यायला तास लागला तरी चालू. हवा भरायला गेलो तरी चालू. सकाळी निघताना चावी फिरवायची तेवढी एकच वेळ, आणि त्या वेळी मी देवाचं नाव घ्यायचो.

तरी व्हायचं ते झालंच. गाडी धक्के देऊ लागली. चढावर दम सोडायची. एका सकाळी दादरला मासळी टाकून परत निघालो तर परळच्या पुलाखाली येईपर्यंत तीन वेळा बंद पडली. समोरच पार्टचं दुकान. दुकानदार म्हणाला, प्लग गेले असतील. मी चार प्लग घेतले. तेवढ्यात मावशींचा फोन.

"कुठं हाईस रं? दोन वाजता बर्फ उचलायचाय, आज बोट भरून येतेय."

"आलो मावशी, आलोच."

आलोच म्हटलं आणि सीट उचललं. वाफ तोंडावर आली. मास्तरांचा वर्ग मला ऐकून ऐकून माहीत होता. पण त्या क्षणी मला कांबळेही आठवले नाहीत आणि खरातही. हाताला सगळ्यात जवळचा, तीन नंबरचा प्लग धरला. फिरेना. पान्याला दोन हात लांब लोखंडी पाइप अडकवला आणि अंगाचा भार टाकला.

टक्.

एवढाच आवाज झाला. पान्यात प्लगचं डोकं आलं, पांढऱ्या चिनीमातीसकट. खालचा आट्यांचा भाग हेडमध्येच राहिला. भोकात बघितलं तर आत एक काळी कडी दिसत होती, आणि ती जणू माझ्याकडंच बघत होती.

दुकानदार येऊन वाकला. "हेड काढावं लागणार आता. आठ दिवस तरी. आटे गेले असतील तर हेडच नवीन."

आठ दिवस मावशी बिनगाडीच्या राहणार नव्हत्या. दुसरी गाडी लावतील, दुसऱ्या गाडीबरोबर दुसरा ड्रायव्हर येईल. माळा रिकामा करावा लागेल. मी दीड तास त्या पुलाखाली बसून राहिलो. मग एका टेम्पोवाल्यानं दोर बांधून गाडी नायगावला ओढून दिली.

मास्तरांनी भोकात टॉर्च मारला. मग माझ्याकडं बघितलं. "कशानं तुटला?"

"आपोआप," मी म्हणालो. "सकाळी उघडायला गेलो. थंड होतं मास्तर. रात्रभर उभी होती गाडी. नुसता पाना लावला तर आलाच हातात."

"थंड होतं?"

"एकदम थंड."

त्यांनी हात हेडवर ठेवला आणि नावं सुरू केली. विसाव्या नावाच्या पुढं हात उचलला.

"कोमट लागतंय."

"ऊन," मी म्हणालो. "उन्हात उभी होती ना."

"बरं," मास्तर म्हणाले, आणि बाकावर जाऊन बसले.

बस. एवढंच. माझा डावा गुडघा आपोआप हलत होता. काकूंनी किटली उचलली आणि मास्तरांकडं बघितलं. मास्तरांनी मान हलवली, नाही म्हणून.

"गाडी तर बंद आहे मास्तर," मी म्हणालो. मला चहा नको होता, पण ते नाही म्हणणं लागलं.

"गाडी बंद आहे रे." त्यांनी माझ्या गुडघ्याकडं बोट केलं. "तू कुठं बंद आहेस?"

मग वाट बघणं सुरू झालं. मास्तर वाट बघताना काहीच करायचे नाहीत. मोबाइल नाही, पेपर नाही. बदामाच्या झाडाकडं बघत बसायचे. मध्येच म्हणाले, "किती शिकलास?"

"आठवी. अर्धी."

"मी सातवी. वडिलांची गिरणी बंद झाली, मी पान्याला लागलो. म्हणजे तू मोठा. हे वाच." त्यांनी गंज सुटायच्या तेलाचा डबा माझ्या हातात दिला. मी वाचलं. "आगीपासून दूर ठेवा" वाचलं, "लहान मुलांपासून दूर ठेवा" वाचलं. "छान वाचतोस की. मग सोडली कशाला?"

आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. का कोण जाणे, त्या बाकावर सांगितलं. सहामाहीचा निकाल होता. मला वाटलं आपण नापास झालो. म्हणून निकाल घ्यायला गेलोच नाही. दुसऱ्या दिवशीही गेलो नाही. मग जायची लाज वाटायला लागली. असं करत शाळा सुटली.

"आणि झालेला काय? नापास?"

"दोन वर्षांनी कळलं. पास होतो."

मास्तर हसले नाहीत. झाडाकडं बघतच म्हणाले, "नायगावच्या नाक्यावरून बस मिळते. स्टेशनला जाते. जायचं असलं तर चावी पेटीत टाकून जा. गाडीच्या दारावर मावशीचा नंबर आहे, मी फोन करीन."

मी तेच ठरवत होतो. पिशवी माळ्यावर होती, पण खिशात गावापर्यंतच्या भाड्याचे पैसे होते. ह्यांना कसं कळलं? आता वाटतं, कळलं वगैरे नसेल. निकाल न घेता पळणारा एक मुलगा समोर बसलाय, एवढं दिसत होतं, तेवढ्यावरनं ते बोलले.

मी उठलो नाही. धीर आला होता म्हणून नव्हे. पायच हलेनात.

साधारण अकराला वर्ग भरला. हिवाळेपर्यंत हात टेकलेला राहिला. मास्तरांनी आधी प्रत्येक भोकाभोवती हवा मारली. धूळ, वाळू, माशाचा एक खवलासुद्धा उडाला. "हे आत पडलं असतं तर?" एवढंच म्हणाले. मग शाबूत असलेल्या तीन प्लगांना हात घातला.

इथं मला नीट सांगायचंय, कारण असं काम मी आधी बघितलं नव्हतं आणि नंतरही फार कमी बघितलंय. त्यांनी पाना लावला आणि प्लग सोडवायच्या ऐवजी आवळला. केसभर. मग सोडवला, केसभर. मग तेलाचे दोन थेंब. परत आवळला, परत सोडवला, ह्या वेळी दोन केस. दोन बोटांनी. मी दोन हात लांब पाइप लावला होता, आणि हे सत्तरीकडं आलेले गृहस्थ करंगळी वर ठेवून पाना फिरवत होते. कान प्लगच्या दिशेनं. मध्येच प्लग किर्र करायचा, की लगेच मागं. "ओरडला," म्हणायचे. "ओरडला की थांबायचं." तिन्ही प्लग वीस मिनिटांत त्यांच्या तळहातावर होते. एकाही आट्याला ओरखडा नाही.

मग त्यांनी ते उजेडात धरले. तिन्हींची टोकं काळी, चुलीच्या तव्यासारखी. नखानं खरवडलं तर काजळी नखात आली.

"पेट्रोल पूर्ण जळत नाही," मास्तर म्हणाले. "चालत्या गाडीत जळतं. उभ्या गाडीत इंजिन नुसतं घरघरत ठेवलं की अशी काजळी धरते. काजळी धरली की ठिणगी नीट पडत नाही. मग गाडी चालू व्हायला त्रास." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तू बंद करत नाहीस का रे कधी?"

"नाही," मी म्हणालो.

"का?"

"परत चालू झाली नाही तर?"

"बरं," मास्तर परत म्हणाले.

मी त्या काळ्या टोकांकडं बघत होतो. वर्षभर जे मी मावशींपासून, दादरच्या हमालांपासून, स्वतःपासून लपवलं होतं ते त्या तीन प्लगांवर बसलेलं होतं. गाडी बंद पडेल म्हणून मी ती चालू ठेवली, आणि चालू ठेवली म्हणूनच ती बंद पडायला लागली. एवढं साधं.

मास्तरांनी तोवर पेटीतून एक निमुळती सळी काढली. तिला उलटे आटे. ती तुटलेल्या कडीत बसवायची आणि उलटी फिरवायची, म्हणजे ती कडीला धरते आणि कडी बाहेर येते. त्यांनी सळीला ग्रीस लावलं, भोकात सोडली, पाना चढवला. आता ह्याला आधी आवळणं नाही, तेल नाही, थांबणं नाही. सरळ जोर. कारण मी सांगितलं होतं, थंड होतं, आपोआप तुटला, म्हणजे आटे चिकटलेले नसणार.

त्यांच्या मनगटाची शीर वर आली तेव्हा मी ओरडलो.

"थांबा मास्तर!"

थांबले. हात तसाच.

"गरम होतं. वाफ येत होती. मी पाइप लावला होता पान्याला. आपोआप नाही तुटला, मी तोडला."

गल्लीत कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. मास्तरांनी पाना उतरवला, सळी हळूच सोडवून बाहेर घेतली, फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवली. रागावले नाहीत. शाबासकीही दिली नाही.

"मग औषध वेगळं," म्हणाले. "गरम असताना पिळलाय म्हणजे हेडचे आटे त्याला चिकटलेत. हेड ॲल्युमिनियमचं, मऊ. आत्ता ओढला असता तर आटे घेऊन आला असता. ह्याला तेल पाजायचं आणि थांबायचं. तीन तास तरी."

"दोन वाजता बर्फ आहे."

"ते मला सांगून काय उपयोग?"

म्हणजे मावशींना सांगायचं. मी झाडाच्या पलीकडं जाऊन फोन लावला. सगळं सांगितलं. गरम इंजिन, पाइप, तुटलेला प्लग, मी वर्षभर गाडी बंद न करणं, सगळं एका दमात. पलीकडं कावळे ओरडत होते, सुकत घातलेल्या बोंबलांवरचे.

"झालं बोलून?" मावशी म्हणाल्या.

"हो."

"मना वाटलं तू कुणाला उडवलंस. बर्फाचं मी बघतंय, शेजारच्यांच्या गाडीत टाकीन. तू गाडी घेऊन ये." फोन ठेवतील असं वाटलं, पण थांबल्या. "आन् तूच घेऊन ये. दुसऱ्या कुणाच्या हाती गाडी धाडू नको. कळलं?"

दुपारी तीनला मास्तरांनी परत हजेरी घेतली. गरज नव्हती, इंजिन केव्हाच थंड होतं. पण घेतली. मी पण मनात त्यांच्याबरोबर नावं घेतली. मग सळी परत कडीत बसवली. सळीचा चावा फक्त एका दिशेनं, तिनं कडी आवळता येत नाही. म्हणून केसभर फिरवायची आणि सोडून द्यायची. तेलाचा थेंब. थांबायचं. परत केसभर. मी समोर उकिडवा बसलो होतो. त्यांचे डोळे मिटलेले होते. इंजिनाच्या आत काय चाललंय हे ते बोटांनी ऐकत होते, ह्यापेक्षा वेगळ्या शब्दांत मला सांगता येत नाही. एकदा किर्र झालं. थांबले. दहा मिनिटं थांबले. काकूंनी येऊन बघितलं आणि पदराचा आवाजही न करता परत गेल्या. शून्य-सात हवा भरायला आला होता, त्यानं न सांगता इंजिन बंद केलं आणि उभा राहिला.

मग सळी फिरायला लागली. फिरतेय हे मला आधी कळलंच नाही. मास्तरांच्या कपाळावरची आठी गेली, त्यावरनं कळलं. कडी वर आली, तेलात न्हालेली, सळीच्या टोकाला अंगठीसारखी अडकून. मास्तरांनी टॉर्च मारला. हेडचे आटे स्वच्छ, पूर्ण, चमकत होते. त्यांनी आत हवा मारली, परत बघितलं, आणि टॉर्च माझ्या हातात दिला.

"मोज."

"काय मोजू?"

"आटे. आहेत ना सगळे? मग घाबरायचं थांबव."

नवीन प्लग बसवताना त्यांनी पाना हातातच घेतला नाही. पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा घेतला, त्याच्या टोकात प्लग खुपसला आणि नळी बोटांनी फिरवू लागले. प्लग सरळ बसत असेल तर नळी फिरत राहते. वाकडा जात असेल तर नळी प्लगवरच घसरते, प्लग पुढं जात नाही. "पाना वाकडा प्लगही आत घालतो," म्हणाले, "नळीत तेवढी ताकदच नाही." तीन त्यांनी बसवले. चौथा माझ्याकडं दिला. माझ्या हातात नळी दोनदा घसरली. तिसऱ्यांदा प्लग हळूच आत गेला, आणि मला तो जाताना कळला. आयुष्यात पहिल्यांदा मला असं वाटलं की एखादी वस्तू मला हो म्हणतेय.

गाडी चालू झाली.

"बंद कर," मास्तर म्हणाले.

बंद केली.

"चालू कर."

केली.

"बंद."

असं अकरा वेळा. शेवटी मी हसायला लागलो, मग शून्य-सातही. मास्तर हसले नाहीत. "आता जा. आणि मावशीच्या दारात बंद कर. माझ्या दारात काय, कोणीही करील."

चहा त्या दिवशीही मिळाला नाही. पाच वाजले होते आणि मलाच निघायची घाई होती.

मावशींच्या दारात मी गाडी बंद केली. त्या बोंबील उतरवत होत्या. वळून बघितलं, "आलास?" म्हणाल्या आणि परत कामाला लागल्या.

पुढं कितीतरी दिवसांनी मी मास्तरांना विचारलं होतं, "त्या दिवशी मी थांबवलं नसतं तर तुम्ही खरंच ओढला असता?"

"हो."

"हेड गेलं असतं."

"गेलं असतं."

"पण तुम्हाला कोमट लागलं होतं ना हाताला?"

"तू म्हणालास ऊन," मास्तर म्हणाले. "मग ऊन."

ह्या उत्तरावर मी अजून विचार करतो. ज्या माणसाला प्लग बघून ड्रायव्हरच्या सवयी सांगता येत होत्या तो माणसाच्या शब्दाला कधी टॉर्च मारत नव्हता. तू बोललास ते तुझं. पुढचं जे होईल तेही तुझं. मला आजवर कोणी एवढं मोठं समजलं नव्हतं.

आता त्या चाळी रिकाम्या झाल्या, पाडल्या, तिथं पत्र्याचं कुंपण आहे आणि आत क्रेन. बदामाचं झाड दिसत नाही. नवी घरं होईपर्यंत मास्तर आणि काकू ट्रान्झिटच्या इमारतीत राहायला गेले, सोळाव्या मजल्यावर. कॉम्प्रेसर शून्य-सातनं नेला. गुडघ्यांमुळं मास्तर खाली फारसे उतरत नाहीत असं त्यानंच सांगितलं.

परवा मावशींच्या गाडीचे प्लग मी स्वतः बदलले. मच्छीमार नगरात, बोटीवर जाळी शिवणाऱ्या चार जणांच्या समोर. हेडवर हात ठेवून अहिरे, ओव्हाळ, कदम मोठा, कदम बारका अशी सुरुवात केली तेव्हा ते चौघं हसून गडबडा लोळायचे बाकी होते. "कोण रे हे सगळे?" मी म्हणालो, माझ्या वर्गातले. खोटं आहे, पण एवढं चालेल. ज्या वर्गात मी कधी बसलो नाही त्यातली चाळीसच्या चाळीस मुलं मला पाठ आहेत, आणि माझ्या स्वतःच्या आठवीतली पाचसुद्धा आठवत नाहीत.

निघालेले चार जुने प्लग मी रुमालात बांधले आणि मास्तरांकडं गेलो. लिफ्टमध्ये मला वाटत होतं, सहामाहीचा निकाल घ्यायला निघाल्यासारखं.

मास्तर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. वाळलेत. "कोण?" म्हणाले.

"बावन्न."

त्यांनी हात पुढं केला. नमस्काराला नव्हे, रुमालासाठी. एकेक प्लग खिडकीच्या उजेडात धरून फिरवला. चष्मा वर केला, परत फिरवला. टोकं चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाची होती, काजळीचा ठिपका नाही. मला ते घरी दिसलं होतं. पण माझं दिसणं वेगळं आणि मास्तरांचं वेगळं, म्हणून मी उभाच राहिलो. खाली सोळा मजले, इमारतीच्या आवारात माझी पिकअप काडेपेटीएवढी दिसत होती.

चौथा प्लग बघून झाल्यावर मास्तरांनी चारही परत रुमालात ठेवले, गाठ मारली, आणि आत स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणाले,

"चहा टाक गं. बंद करून आलाय हा."